पावसातही?

सरकी म्हणजे काय, हे पुण्यात आल्यापासून मी किती जणांना सांगितलं असेल याची मोजदाद नाही. जिनमध्ये कापूस घातला की रुई एकीकडे पडते आणि बी एकीकडे. ते बी म्हणजे सरकी. 100 किलो कापसातून रुई निघते जेमतेम 33-34 किलो, बाकी बहुतेक सरकीच. तिचं तेल काढतात, उरलेली ढेप गुराढोरांना घालतात. माझे बाबा अकोल्याच्या एका जिनिंगमध्ये हिशेबाचं काम बघायचे. सहा वर्षांपूर्वी, हंगाम संपता संपता, सरकीच्या ढिगाला टेकून बसलेलं कुत्र्याचं एक पिल्लू त्यांना दिसलं. अंगभर रुईचे तंतू चिकटलेले, डोळे अर्धे मिटलेले. जेवणाच्या डब्याच्या पिशवीत घालून ते त्याला घरी घेऊन आले. नाव ठेवायचा प्रश्नच आला नाही.

बाबा गेले फेब्रुवारीत. त्याआधीचे चौदा महिने ते अंथरुणाला खिळून होते आणि ते सगळे चौदा महिने सरकी त्यांच्या पलंगाखाली झोपायची. जठारपेठेतलं आमचं भाड्याचं जुनं घर सोडावं लागलं, आई भावाकडे अमरावतीला गेली, माझी पुण्याला बदली झाली. भावाचं घर दोन खोल्यांचं, त्यात त्याची लहान मुलं. नातेवाइकांपैकी बऱ्याच जणांनी सुचवलं, "कुत्री जिनिंगमध्येच सोडून दे, तिथलीच आहे ती." त्यांच्या मनात वाईट नव्हतं. पण मला ते ऐकवलंही जायचं नाही. पलंग उचलून नेल्यावरही ती फरशीच्या त्याच चौकोनात जाऊन पडायची, हे त्यांनी पाहिलेलं नव्हतं.

मेच्या शेवटी आम्ही दोघी गाडी करून निघालो. रेल्वेनं न्यायचं तर फर्स्ट क्लासचं आख्खं कूपे नाहीतर केबिन घ्यायची, ते जमलं नाही तर कुत्र्याला गार्डाच्या डब्यातल्या पेटीत ठेवायचं. रात्रभर तिला पेटीत ठेवणं मला शक्य नव्हतं. अकोल्यात पारा पंचेचाळीसवर होता. पहाटे निघून संध्याकाळी कर्वेनगरात आत्याच्या दाराशी पोचलो, तेव्हा गार वारा सुटला होता. सरकी गाडीतून उतरली आणि नाक वर करून किती तरी वेळ नुसती उभी राहिली.

आत्याचं वय बहात्तर. आयुष्यात तिनं कधी कुत्र्याला हात लावला नव्हता. "डिसेंबरात पोरगा-सून येतील परदेशातून, तोवर राहा निवांत," म्हणाली, आणि सरकीकडे बघून, "ही माझ्या अंगावर नाही ना येणार?" चौथ्या दिवशी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसलेल्या सरकीला पोळीचा तुकडा मिळाला, आठव्या दिवशी पोळीला तूप लागलं. नेमके त्याच दिवशी सोसायटीचे सेक्रेटरी आले. आमच्या इथे पाळीव प्राणी ठेवत नाहीत, आत्तापर्यंत कुणी ठेवलेला नाही, असं म्हणाले. आत्यानं त्यांना बसवलं, पाणी दिलं आणि नामदेवमहाराजांची गोष्ट सांगितली. कुत्रं भाकरी घेऊन पळालं आणि महाराज तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले, कोरडी खाऊ नकोस म्हणून. गोष्ट सेक्रेटरींनाही ठाऊक होतीच. ती ऐकून घेऊन त्यांनी "पाहुणी म्हणून राहू दे" एवढं मान्य केलं.

त्या रात्री मी जागून वाचन केलं. भारतीय जीवजंतु कल्याण मंडळानं 26 फेब्रुवारी 2015 रोजी काढलेली मार्गदर्शक तत्त्वं आहेत. पाळीव प्राणी ठेवायला सोसायटी सरसकट बंदी घालू शकत नाही, बहुमतानं ठराव केला तरी नाही. कुत्रं भुंकतं हे त्याला घालवायचं कारण होऊ शकत नाही. लिफ्ट वापरू नका असं सांगता येत नाही. कुत्रं पाळणाऱ्यांसाठीही त्यात बरंच आहे: लस, नसबंदी, बाहेर नेताना पट्टा, घाण आपण उचलायची. मी त्याची छापील प्रत काढली आणि प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये घातली. सोबत सरकीच्या रेबीजच्या लसीचा दाखला, नसबंदीचा कागद, महापालिकेच्या परवान्याचे कागद. माझ्या नोकरीच्या कागदांपेक्षा ते फोल्डर जाड झालं. पुढचे पाच महिने ते माझ्या खांद्यावरच्या पिशवीत होतं.

आणि त्याचा फारसा उपयोग झाला नाही. ज्याचं स्वतःचं घर आहे त्याला सोसायटी अडवायला लागली, तर तो कागद कामाला येतो. भाडेकरूला आधी घर मिळायला हवं, आणि आपलं घर कुणाला द्यायचं हे घरमालकाच्या मर्जीवर असतं. त्याच्यापुढे फोल्डर उघडलं की त्याचा चेहरा बदलायचा. ही बाई राहायला येण्याआधीच नियम दाखवते आहे, पुढे काय करेल, असं त्याला वाटत असणार. दोन-तीनदा तसं झाल्यावर मी फोल्डर पिशवीतच ठेवायला लागले.

पाच महिन्यांत मी 23 घरं पाहिली. वारजे, कोथरूड, सिंहगड रस्ता, बावधन. एजंटचे प्रश्न ठरलेले असत. फॅमिली आहे का? नाही, मी एकटी. नॉनव्हेज? नाही. मग कुत्र्याचं सांगितलं की जरा शांतता, आणि मग, "ब्रीड कोणती?" हा प्रश्न मला सगळ्यात लागायचा. लॅब असेल तर बोलून बघतो, शिट्झू असेल तर ओनर ऐकतील, पण गावठी म्हटलं की पलीकडचा आवाजच पडायचा. जे कुत्रं या मातीत हजारो वर्षं माणसासोबत राहिलं, इथल्या उन्हापावसाला सरावलं, तेच घरात नको. एकानं सुचवलं, "सांगू नका ना मॅडम, शिफ्ट झाल्यावर हळूच आणा." ते मी करू शकले नसते. ज्या घरात शिरताना तिला लपवायचं, त्या घरात ती दारावरची बेल वाजल्यावर भुंकणार कशी?

नकारांच्या मागे कारणंही होती, हेही लिहायला हवं. वारज्याच्या एका घरात बाल्कनीच्या दाराचं लाकूड खालून दोन फूट कुरतडलेलं होतं. आधीचा भाडेकरू सकाळी कुत्र्याला बाल्कनीत कोंडून कामाला जायचा तो रात्री यायचा. दिवसभर ते रडायचं, शेजारी फोन करायचे. मालकीणबाई मला दार दाखवत होत्या आणि मला त्या लाकडावरच्या ओरखड्यांकडे बघवत नव्हतं. त्यांनी नाही म्हटलं, त्यात त्यांचं काय चुकलं?

डहाणूकर कॉलनीतलं घर मात्र जवळजवळ मिळालंच होतं. दुसरा मजला, पूर्वेची खिडकी, 18,000 भाडं. मालक तयार होते, डिपॉझिटचंही ठरत आलं होतं. शेजारच्याच फ्लॅटमध्ये ते स्वतः राहत, त्यांची आई आत पलंगावर बसलेली होती. तिनं मला आत बोलावलं. ऐंशीच्या पुढची, बारीक, नऊवारीतली.

"मला भीती वाटते गं," ती म्हणाली. "तू चांगली दिसतेस, तुझी कुत्रीही चांगली असेल. पण मला भीती वाटते."

नऊ वर्षांची असताना तिला पिसाळलेलं कुत्रं चावलं होतं. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात रोज एक, अशी चौदा दिवस पोटात चौदा इंजेक्शनं. रोज आई तिला एसटीनं न्यायची. बेंबीभोवती कुठे जागा उरली आहे ते डॉक्टर आधी बोटानं चाचपून बघायचे. सांगताना तिचा हात पदराखाली पोटावर गेला होता. ती लस मेंढीच्या मेंदूपासून बनवत. 2004 सालाच्या अखेरीस आपल्याकडे ती बंद झाली. आता दंडात चार-पाच टोचतात. चावल्याबरोबर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची आणि लगेच दवाखाना गाठायचा. हे सगळं मला पाठ होतं, आणि तिच्यापुढे ते उच्चारायची इच्छाही झाली नाही. तिच्या हातानं केलेलं लिंबाचं सरबत मी प्यायले आणि नमस्कार करून निघाले.

जिना उतरताना मला रडू आलं, ते घरासाठी आलं की तिच्यासाठी हे कळलं नाही. पण त्या दिवसापासून माझं वागणं बदललं. समोरून कुणी येताना दिसलं की मी पट्टा आखडून घेते, सरकीला कडेला घेऊन बसवते, माणूस जाऊ देते. लिफ्टमध्ये आधी कुणी असेल तर जिना धरते. "काही करत नाही ती" हे वाक्य मी टाकून दिलं. समोरच्याच्या पोटात काय दडलेलं आहे, हे मला कुठे माहीत असतं?

इकडे रोजचं फिरणं सुरू होतंच. सकाळी सहा आणि रात्री नऊ. कॅनॉल रोडनं जायचं, एका वळणावरून आतल्या गल्लीत शिरायचं, परत यायचं. घड्याळ चुकलं तर सरकीला चालत नाही, बाबांनी लावलेली सवय. पुण्यात माझ्या ओळखीचं कुणी नव्हतं. ऑफिसातली माणसं साडेसहाला आपापल्या घरी जायची. पहिल्या महिन्यात असे शनिवार-रविवार गेले की मी आत्या सोडून कुणाशी चार वाक्यं बोलले नाही. आई फोनवर विचारायची, "काय करून राहिली?" आणि मी म्हणायची, सरकीला फिरवून राहिले.

त्या गल्लीच्या तोंडाशी एक शिंपीकाका आहेत. रात्री मशीन बंद केली की हळद घालून शिजवलेला भात आणि कोंबडीच्या माना गल्लीतल्या सात कुत्र्यांना घालतात. पहिल्यांदा ते माझ्याशी बोलले, कारण ती सात जणं सरकीवर धावून आली होती. "आठ दिवस समोरच्या बाजूनं जा," काकांनी सांगितलं. "थांबायचं नाही, त्यांच्याकडे बघायचं नाही, घाई करायची नाही. वेळ बदलायची नाही. त्यांना कळू दे की ही रोज जाते आणि रोज परत जाते." मी तसंच केलं. आठाचे बारा दिवस लागले. तेराव्या दिवशी त्यांच्यातली एक म्हातारी कुत्री उठून आली, सरकीला हुंगून गेली आणि परत पायरीवर झोपली. काकांनी त्या प्रत्येकीच्या कानाला असलेली खाच दाखवली. ऑपरेशन झाल्याची ती खूण. नसबंदी आणि लस झाली की जिथून उचललं तिथेच आणून सोडतात. सोडलं नाही तर रिकाम्या जागी दुसरी, ऑपरेशन न झालेली टोळी येते, असं ते म्हणाले. ही सात जणं इथे आहेत म्हणून गल्लीत पाच वर्षांत पिल्लू झालेलं नाही.

माणसांच्या बाबतीतही तसंच घडत होतं, हे मला नंतर उमजलं. रोज त्याच वेळी, त्याच रस्त्यानं, घाई न करता जाणं. ऑगस्टपर्यंत सहा वाजताची पाच-सहा माणसं मान हलवायला लागली. रस्ता झाडणाऱ्या एक मावशी सरकीसाठी थांबायच्या. एक मुलगी होती, साधारण माझ्याच वयाची, बीड जिल्ह्यातली, रात्रपाळी करून आलेली, पेंगत पेंगत बिस्किट नावाच्या तांबूस कुत्र्याला फिरवणारी. दोघं कुत्री भेटली की पट्ट्यांचा गुंता व्हायचा आणि तो सोडवताना आमचं बोलणं. मी फोनमध्ये तिचा नंबर "बिस्किटची आई" म्हणून ठेवला. तिच्या फोनमध्ये मी "सरकीची आई". रविवारी आम्ही वेताळ टेकडीवर जायला लागलो. तिथे मोर आहेत म्हणून पट्टे हातात घट्ट धरून. गिरिपुष्पाच्या झाडांमधून खाणीच्या तळ्यापर्यंत जायचं, तिथे दगडावर बसून तिनं आणलेली धपाटी खायची. सरकीला मी वऱ्हाडीतच हाक मारते, "चाल वं", "बस वं खाली". हळूहळू बिस्किटची आईही तिला तसंच म्हणायला लागली. पुण्यात कुणाच्या तरी तोंडून ते "वं" ऐकलं, तेव्हा मला बाबांची फार आठवण आली.

सप्टेंबरात सरकी आजारी पडली. दोन दिवस जेवली नाही, तिसऱ्या रात्री अकरा वाजता नाकातून रक्त आलं. हिरड्या पांढऱ्या पडलेल्या. एवढ्या रात्री कुत्र्याला घ्यायला रिक्षावाले तयार होईनात. मी फोन केला आणि बारा मिनिटांत बिस्किटची आई तिच्या ऑफिसच्या मित्राची गाडी मागून घेऊन खाली उभी होती. रात्री उघड्या असणाऱ्या दवाखान्यात रक्त तपासलं. गोचिडाचा ताप. प्लेटलेट दोन लाखांच्या वर हव्यात, सरकीच्या होत्या 42,000. पावसाळ्यात गोचीड वाढतात, एक-दोन चावल्या तरी पुरतं, आणि मी तिच्या बोटांच्या बेचक्यांत बघितलंच नव्हतं. 28 दिवसांच्या गोळ्या, रिकाम्या पोटी द्यायच्या नाहीत, आणि त्या रात्री सलाइन.

दवाखान्याच्या कागदावर दुसऱ्या जबाबदार व्यक्तीचं नाव लिहायचं होतं. माझं पेन थांबलं. इतके रविवार मी हिच्यासोबत टेकडी चढत होते, तिच्या आईच्या गुडघ्यांचं, मोडलेल्या लग्नाचं मला सगळं माहीत होतं, आणि तिचं नाव माहीत नव्हतं. तिनं काही न बोलता कागद स्वतःकडे ओढला आणि लिहिलं. पहाटे चारपर्यंत आम्ही तिथल्या बाकावर बसलो होतो, सरकीचं डोकं तिच्या मांडीवर आणि मागचे पाय माझ्या. फोनमधलं नाव मी आजही बदललेलं नाही.

शिंपीकाका रोज भाताचं पाणी बाटलीत भरून द्यायचे. आत्या गोळी पनीरच्या तुकड्यात दडवून द्यायला शिकली. 28 दिवसांनी प्लेटलेट 2 लाख 60 हजार झाल्या. घर मात्र अजून मिळालं नव्हतं. डिसेंबरला दोन महिनेही उरले नव्हते.

आतल्या गल्लीत आठ फ्लॅटची एक जुनी, लिफ्ट नसलेली इमारत आहे. पहिल्या मजल्याच्या गॅलरीत एक निवृत्त मास्तर सकाळी पेपर वाचत बसलेले असत. त्यांनी मला कधी मान हलवली नव्हती, मीही त्यांना नाही. सरकी बहुधा त्यांच्याच फाटकापुढच्या कडुलिंबाखाली बसायची. मी पिशवीतून वर्तमानपत्राचा तुकडा काढायची, उचलायची, जागा पाण्यानं धुवायची आणि पुडी घरी आणून आतलं शौचालयात टाकायची. दसऱ्यानंतरच्या एका सकाळी, झिमझिम चालू असताना, वरून आवाज आला.

"रोज उचलता?"

"हो."

"पावसातही?"

"हो."

थोडा वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "जूनपासून बघतोय. पावसातही उचलता." आणखी एक घोट चहा झाला. "आमचा खालचा रिकामा होतोय डिसेंबरात. चालेल का बघा."

मी फोल्डर काढायला पिशवीत हात घातला, तसे ते म्हणाले, "कागद राहू द्या. तिला आत आणा, वास घेऊ दे खोल्यांचा."

तळमजला. मागे चार फरश्यांचं अंगण, त्यात पपईचं झाड. सरकी तिन्ही खोल्यांतून फिरली आणि मागच्या दाराच्या उन्हात, फरशीच्या एका चौकोनात, पडून राहिली. मास्तर दारातच उभे होते. त्यांना कुत्र्यांची सवय नाही, ते हात लावत नाहीत, हे त्यांनी स्पष्ट सांगितलं. मी म्हटलं, ती तुमच्या अंगावर येणार नाही, एवढं मी बघेन.

करार झाला अकरा महिन्यांचा. लिव्ह अँड लायसेन्स लेखी आणि नोंदणीकृत हवं असा महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम 1999 चा नियम आहे, आणि ती नोंदणी करून घेण्याची जबाबदारी मालकाची. मास्तरांनी सगळं वेळेवर केलं. लॅपटॉप आणि अंगठ्याचं यंत्र घेऊन माणूस घरी आला. मसुदा वाचताना मास्तरांनी त्याला थांबवलं आणि एक कलम वाढवायला लावलं: परवानाधारकासोबत सरकी नावाची एक पाळीव कुत्री सदर जागेत राहील. त्या माणसानं विचारलं, "नाव कशाला, सर?" मास्तर म्हणाले, "राहणाऱ्याचं नाव असावं."

मग तो म्हणाला, दोन साक्षीदार लागतील. जूनमध्ये हेच कुणी मागितलं असतं तर आत्याशिवाय मला एक नाव सुचलं नसतं. आता शिंपीकाका गळ्यातला टेप न काढताच आले, सुईनं टोचून टोचून खरबरीत झालेला त्यांचा अंगठा यंत्राला तीन प्रयत्नांत वाचता आला. बिस्किटची आई रात्रपाळीवरून थेट आली, बिस्किटला घेऊन.

आता सहा महिने झाले. मास्तर अजूनही सरकीला हात लावत नाहीत. सकाळी पेपर वाचून झाला की ते खाली येतात, ती दोन पायऱ्या सोडून बसते, ते तिच्याशी शाळेत हजेरी घेतल्यासारखं बोलतात, "सरकी. हजर." एवढंच, आणि वर जातात. दर रविवारी माझ्या दाराच्या कडीला एक गठ्ठा अडकवलेला असतो. आठवडाभराचे पेपर, चार सारख्या चौकोनांत फाडलेले, सुतळीनं बांधलेले. पावसाळा जवळ आला म्हणून गेल्या रविवारपासून ते दुधाच्या धुतलेल्या पिशवीत घालून ठेवलेले असतात.